पावणेसात रुपयांत एक ताट

आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी पोषण आहाराची नोंदवही सांभाळते, त्यामुळे हे आकडे मला पाठ आहेत. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यासाठी मे 2025 पासूनचा दर आहे 6 रुपये 78 पैसे. केंद्र आणि राज्य हा खर्च 60:40 असा वाटून घेतात.

आता बाजारात जा आणि पावणेसात रुपयांत काय येतं ते बघा!

तरी आमच्या ताई मटकीची उसळ अशी करतात की पोरं ताट बोटांनी पुसून घेतात. मटकी आदल्या दिवशीच भिजत घालतात, कोथिंबीर परसबागेतली. मुलांना वाढून झाल्याशिवाय त्या स्वतः घासही घेत नाहीत. त्यांचं मानधन वाढलंच पाहिजे, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

मला खरं वाईट वाटतं ते अंड्याचं. आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, त्या दिवशी पट भरलेला असायचा. जानेवारी 2025 मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हटलं. ज्या गावात आईबाप ऊसतोडीला जातात, तिथे लोकसहभाग मागायचा कुणाकडे? अंड्याचे पैसे सरकारनेच द्यायला हवेत.

तोवर वाढदिवसाला केक आणणाऱ्या पालकांना मी विनवते, त्याऐवजी वर्गाला अंडी द्या.