आधी पाहुणा, मग पंगत

बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी 2020 च्या जानेवारीअखेर घरी बसले. साठी उलटल्यावर सांगलीतल्या आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद झाले, तेव्हा तिथली सगळ्यात लहान मीच. 'तुमचे गुडघे अजून चांगले आहेत' एवढ्या पात्रतेवर मासिक सहभोजनाचं खातं माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा पाहुणा बोलवायचा, त्याचं भाषण ऐकायचं आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

पहिला वाद वाराचा. रविवारी मुलं-सुना घरी असतात, त्यामुळे निम्मे सभासद येत नाहीत. गुरुवारी बऱ्याच जणांचा उपास. शेवटी दुसरा शनिवार धरला, कारण त्या दिवशी बँका बंद असतात आणि बँकेतला माणूस वक्ता म्हणून मिळू शकतो. एखाद्या महिन्यात नेमकी एकादशी येतेच. मग आचाऱ्याला काही ताटं साबुदाण्याची करायला सांगते. संकष्टीवाले तर रात्री चंद्र दिसेपर्यंत जेवतच नाहीत. ते भाषण ऐकतात, वाढायला मदत करतात आणि आम्हाला खाताना बघतात. त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

दुसरा वाद, आधी जेवण की आधी भाषण. जेवणानंतर भाषण ठेवलं की पहिल्या दहा मिनिटांत माना खाली जातात. भाषण आधी ठेवलं आणि ते लांबलं, तर इन्सुलिन घेणाऱ्यांची पंचाईत. म्हणून आता अकराला सुरुवात, पाऊण तास भाषण, अर्धा तास प्रश्न आणि साडेबाराला पहिलं ताट. पाहुण्याला फोनवरच सांगते, 'साडेबाराला आमची साखर उतरते, तुमचं भाषण त्याआधी संपलं पाहिजे.' कुणाला राग आला नाही अजून. लांबतं ते भाषण नव्हेच, पाहुण्यांची ओळख लांबते. ओळख करून देणारे आमचे सर निवृत्त मुख्याध्यापक. पाहुण्यांच्या शालेय प्रगतीपासून सुरुवात करतात.

शाल-श्रीफळ मी बंद केलं. ज्याच्या-त्याच्या कपाटात शालींचे गठ्ठे पडलेत. आम्ही हळदीची पुडी आणि भडंगाचं पाकीट देतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे पुडी देताना अध्यक्षांना सांगायलाही काहीतरी असतं. मानधन देत नाही, पण रिक्षाचं भाडं आग्रहाने देतो.

खरी अडचण वक्त्याची होती, आणि तीही वक्ते मिळत नाहीत म्हणून नव्हे. सुरुवातीला ज्याला विचारावं तो म्हणायचा, 'आनंदी वार्धक्य' या विषयावर बोलतो. दोन पायांवर भक्कम उभा असलेला चाळिशीतला माणूस पंच्याऐंशीच्या आजोबांना सांगणार, की छंद जोपासा, हसत राहा, मुलांच्या संसारात लुडबुड करू नका. सगळे शहाण्यासारखे ऐकायचे, टाळ्याही वाजवायचे. नंतर हात धुताना एक आजी मला म्हणाल्या, 'अगं, म्हातारं कसं व्हायचं ते आम्हाला येतं. न येणारं काहीतरी सांगणारा आण की.'

तेव्हापासून विषय मी ठरवते आणि मग त्या विषयाचा माणूस शोधते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं, फोन करायची लाज मला कधी वाटली नाही.

सायबर पोलिसांकडून एक तरुण अधिकारी आले. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, एवढंच त्यांनी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मला ही पद्धत आवडली. आमच्या वयात चार गोष्टी एकदा ऐकण्यापेक्षा एक गोष्ट चारदा ऐकलेली बरी.

2007 च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यावर एक वकीलबाई बोलल्या. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, निर्वाहभत्ता महिना 10,000 रुपयांपर्यंत मिळू शकतो, घर मुलाच्या नावावर करून देताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द बक्षीसपत्रात लिहून घ्या, म्हणजे पुढे सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून मागता येतं, असं त्यांनी उदाहरणं देऊन सांगितलं. मग म्हणाल्या, 'विचारा प्रश्न.' एकही हात वर नाही. पंख्याचा आवाज तेवढा. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले. आणि जेवताना बघते तर वकीलबाईंचं ताट तसंच. एकेक जण शेजारच्या खुर्चीवर येऊन हळूच विचारतोय, 'आमच्या एका ओळखीच्यांसाठी विचारायचं होतं...'

त्या ओळखीच्या माणसांसाठी मी बिस्किटाचा एक रिकामा डबा दाराशी ठेवायला लागले. आठवडाभर आधी विषय फळ्यावर लिहायचा आणि चिठ्ठी डब्यात टाकायची, नाव न घालता. पाहुण्याला चिठ्ठ्या आधी वाचून दाखवते, तो त्याप्रमाणे तयारी करून येतो. अक्षरावरून निम्मी माणसं मला ओळखू येतात. ते मी कुणाला सांगत नाही.

आजवरचा सगळ्यात रंगलेला शनिवार मात्र चिठ्ठ्यांशिवायचा. पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंते कृष्णेच्या पुरावर बोलायला आले होते. कोयना धरणाची साठवण 105 टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या वर, वारणेवरच्या चांदोली धरणाची 34 च्या आसपास, कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, वारणा आपल्या हरिपूरच्या संगमावर मिळते, आणि खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. फळ्यावर नकाशा काढून ते नीट समजावत होते. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट झालं की इशारा, 45 ला धोका, इथपर्यंत आले आणि सभागृह त्यांच्या हातातून सुटलं. 2005 ला पाणी 53 फुटांवर होतं तेव्हा आमच्या घरात कुठल्या पायरीला लागलं, 2019 ला 57 च्या वर गेलं तेव्हा होडीतून काय काय काढलं, म्हशी कुठल्या गच्चीवर बांधल्या, बोलायला प्रत्येकाकडे होतं. अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524 च्या वर नेण्याच्या बेतावर दोन आजोबांची अशी जुंपली, की मला मध्ये उभं राहावं लागलं. पाहुणे खुर्चीत बसले, खिशातून वही काढली आणि लोक सांगतील ते लिहून घ्यायला लागले. त्या दिवशी पहिलं ताट सव्वाला वाढलं. सरांनीच पुढे होऊन इन्सुलिनवाल्यांना आधी बसवलं, आणि उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जेवणाचं सांगायचं तर आमचा आचारी समजूतदार आहे. पोळ्या मऊ, भाकरी ताजी, मटकीची उसळ कवळीला झेपेल इतकी शिजलेली, ठेचा वेगळ्या वाटीत. टेबल-खुर्च्यांवर बसतो, पण पंगतीसारखं वाढतो. एकदा बुफे करून पाहिलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट धरून रांगेत उभं राहायची शिक्षा कुणी काढली कोण जाणे! ताटाचे पैसे आगाऊ घेते आणि गुरुवारी संध्याकाळी नावनोंदणी बंद करते. शुक्रवारी 'जावईबापू आलेत, दोन वाढवा' असे फोन येतातच. आचाऱ्याला ते ठाऊक असल्यामुळे वरण तो जरा जास्तच टाकतो.

मे महिन्याचा विषय आता फळ्यावर लागलाय: शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली. 2023 मध्ये रीत सोपी झाली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही घेतली की चालतं. विषय लावताना मी कचरत होते. जेवायच्या आधी मरणाचं कशाला, असं कार्यकारिणीतही एकदोघे म्हणाले. डबा मात्र दोन दिवसांत भरला, आणि वरच्या चिठ्ठ्या ऐंशीच्या पुढच्यांच्या आहेत, अक्षर सांगतंच. वाद उरलाय तो एवढाच, की त्या दिवशी गोड काय करायचं. निम्म्या सभासदांना साखर आहे, तरी बहुमत आमरसाकडे झुकलंय. आचारी म्हणतो, वाट्या लहान ठेवू.