नसलेल्या नटीचा माग

शेरिल डन्येचा 'द वॉटरमेलन वुमन' (१९९६) आज एकदाचा पाहिला. फिलाडेल्फियात व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल (ही भूमिका दिग्दर्शिका डन्येनेच केलीय) १९३०च्या दशकातल्या एका कृष्णवर्णीय नटीचा माग काढत फिरते. श्रेयनामावलीत तिचं धड नावही नाही! लेस्बियन संग्रहालयातले फोटो खोक्यात कसेही कोंबलेले, वर कॉपी काढायला बंदी. आपल्याकडची सरकारी दप्तरंच आठवली.

शेवटी कळतं, अशी नटी कधी नव्हतीच. ते 'जुने' फोटोही छायाचित्रकार झोई लेनर्डने सिनेमासाठीच काढलेले. आधी चिडले, मग म्हटलं, पुरावे कुणी जपलेच नसतील तर बाईने करायचं काय?

प्रेमकथा जरा रेंगाळते. पण शेरिल आणि तिची मैत्रीण टमारा यांची दुकानातली टिंगलटवाळी, अहाहा! उघडपणे लेस्बियन असलेल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानतात. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत) मात्र घेतला थेट २०२१ला.