नखाएवढं पितळ

झुंबर साफ करायला गेलं की घरची मंडळी हमखास विचारतात, "नवं दिसेल ना?" पूर्वी मी हो म्हणायचो.

ते झुंबर 12 फांद्यांचं होतं, लोलक 216. मेन स्विच बंद केला, चारी बाजूंनी फोटो काढले, घोडा लावला. मदतीला आलेल्या पोराला पहिली ताकीद नेहमीचीच: "झुंबर फिरवायचं नाही, आपण फिरायचं." एका जागी उभं राहून ते आपल्याकडे वळवत राहिलं की वरच्या दांड्याचे आटे सैल होतात.

लोलक धुणं सोपं. ओळीप्रमाणे नंबर घातलेल्या पिशव्या, टबात तळाला जाड टॉवेल, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. चाळीसेक लोलक मागाहून बसवलेले होते. तळहातावर घेतल्याबरोबर कळतं, शिसं घातलेली काच साध्या काचेपेक्षा जड असते. मालकांना हे बोललो नाही, त्यांनी विचारलंच नव्हतं.

खरी चीड आली ती फांद्या पाहून. दोन फांद्या हलत होत्या. काचेची फांदी धातूच्या वाटीत प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली होती. स्प्रे मारायचा आणि खाली प्लास्टिक अंथरून मळ गळू द्यायचा, असली आळशी सफाई तिथे वर्षानुवर्षं झालेली. पाणी वाटीत मुरतं, प्लास्टर भुसभुशीत होतं, आणि वरून सगळं लख्ख दिसत राहतं. बाटलीवर 'पुसायची गरज नाही' असं छापणाऱ्याला एकदा त्या फांदीखाली जेवायला बसवलं पाहिजे.

आता माझं. सांगाडा काळपट तपकिरी होता. इतक्या वर्षांत असे कितीतरी सांगाडे पाहिलेत. पितळच असणार, असं धरून चाललो. नेहमी मी वरच्या टोपीच्या आत, कुणाला दिसणार नाही तिथे, आधी कापसाचा बोळा फिरवतो. साधी लाळ लावलेला बोळा. हसू नका, जुन्या मुलाम्यावरचा मळ काढायला लाळ भल्याभल्या संग्रहालयांत वापरतात. त्या दिवशी बोळा काढलाच नाही. संध्याकाळी घरात पाहुणे यायचे होते, मालक दर दहा मिनिटांनी डोकावत होते. पॉलिश फडक्यावर घेतलं आणि मधल्या वाटीवर, अगदी दर्शनी भागात, चारपाच वेळा घासलं.

जागा चकाकली. पण कडेला, काळ्या थराच्या खालून, वेगळाच रंग डोकावत होता. उबदार, जरा मंद. पोटात गोळाच आला. तो सोन्याचा मुलामा होता. मळाखाली शाबूत होता, आणि नखाएवढ्या जागेतला मी पुसून टाकला होता. खाली उरलं होतं ते पितळ.

खाली उतरून मालकांना खरं ते सांगितलं. ओरडतील अशी तयारी होती. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पण काका, तेवढीच जागा छान दिसतेय. सगळंच तसं करा ना."

मी समजावलं. सोनं काळं पडत नाही, पितळ पडतं. आज चमकतंय ते टिकणार नाही. ते म्हणाले, मग तेव्हा पुन्हा घासू. त्यांचं झुंबर, त्यांचा पैसा. तरी मी नाही म्हणालो. उरलेला सांगाडा बोळ्याने इंचाइंचाने पुसला, रात्र झाली, पाहुणे अर्धवट उजेडात बसले. पैसे देताना ते हसले नाहीत.

सहा महिन्यांनी फोन आला. "काका, बाकी सगळं चांगलं आहे, पण मधे एक डाग पडलाय. तेवढा घासून द्याल?"

डाग कसला ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मी येतो म्हणालो. अजून गेलेलो नाही.