सालबर्डीच्या वाटेवर

महाशिवरात्रीला आमच्या भागातली माणसं सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला, गुहेतल्या महादेवाला पायी जातात. तोंडात 'हर हर महादेव', खांद्यावर दशमीची पिशवी. आम्ही तिला महादेवाची वारीच म्हणतो.

मोर्शी सोडलं की दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. माघात आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळी मोहर, फुललेला असतो, त्या पांढऱ्या फुलांचा वास पहाटे वाटभर साथ देतो. शेजारच्याच बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेली, फळं तोडून क्रेट भरणं चालू असतं. या बागांपायी जमिनीतलं पाणी किती उपसलं गेलं, ते वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

समोर सातपुडा. तो हळूहळू चढत नाही, मैदानातून एकदम उभाच राहतो, कारण पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश आहे, म्हणजे खडक तुटून वरखाली सरकल्याची लांब भेग. पलीकडे मेळघाटात जिकडेतिकडे काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सालबर्डीला मात्र त्याच्याखालचे जुने थर उघडे पडलेत. त्यांत डायनासोरांची हाडं आणि अंडी सापडली आहेत. चढताना मी एका खडकाला हात टेकला, तर तळव्याला बारीक वाळू लागली. एवढ्या जुन्या मातीवरून आपण देवाला जातो, या विचारानं अंगावर काटा आला.

माडू नदीत पाणी घोट्याएवढं होतं. पुढची आजी वळून म्हणाली, "जपून ठेव पाय, बाबू. शेवाळलं हाये."

चिखलदऱ्यावर वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खाली मैदानात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेले आठ महिने डोंगरानं जिरवून ठेवलेल्या पाण्यावर काढायचे. म्हणून वरचं जंगल राहिलं पाहिजे, असं मी भेटेल त्याला सांगतो. सागाची पानं गळून पडली असली तरी त्याची मुळं माती धरून असतात.

गुहेच्या रांगेत एक म्हातारे शेतकरी पुढे होते. त्यांनी विचारलं, "हे माडूचं पानी जाते कुठी?"

मी सांगितलं: वर्धेत. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत, अन् गोदावरी बंगालच्या उपसागरात.

"अन् माही बहीन धारनीले देल्ली, तिकडचं?"

"तिकडच्या, मेळघाटातल्या सिपना, गडगा या नद्या तापीत जातात, काका. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहते, सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. अन् आपली वर्धाही मुलताईजवळच उगम पावते."

"म्हंजे डोंगर एक अन् समुद्र दोन!" म्हाताऱ्यानं टाळीच वाजवली. गुहेच्या तोंडाशी वाकून आत शिरेपर्यंत ते रांगेतल्या पुढच्या-मागच्या सगळ्यांना हेच सांगत होते.