सागरमाळावरचे शिवाजी विद्यापीठ

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून के.एम.टी.च्या शहर बसने विद्यापीठात उतरले की समोर मुख्य इमारत आणि तिच्यापुढे शिल्पकार बी. आर. खेडकरांनी घडवलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दिसतो. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी तिथेच थांबते, मी मात्र आतल्या रस्त्यांवर पायीच निघालो. 853 एकरांचा हा परिसर पायाखाली घातल्याशिवाय कळत नाही.

18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा इथे उजाड माळ होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी ग्रंथालय, विभाग आणि वसतिगृहे यांच्याबरोबर झाडांचाही विचार केला. आज दुपारच्या उन्हातही बराच रस्ता सावलीतून जातो, आणि पावसाचे पाणी तळ्यांत व विहिरींत अडवण्याची सवय या संस्थेने लावून घेतल्याचे जागोजागी दिसते.

‘ज्ञानमेवामृतम्’ हे बोधवाक्य कोणत्याही विद्यापीठाला शोभले असते. इथला खरा वारसा मला वसतिगृहांत दिसला. राजर्षी शाहूंनी करवीर संस्थानात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. पलीकडे सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमातून शिक्षणाची वाट घालून दिली. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना या दोन्ही परंपरांची वारसदार आहे. दिवसाचे काही तास काम करून पदव्युत्तर शिक्षण घेणारा शेतकऱ्याचा मुलगा इथे अपवाद नाही, ही गोष्ट मला कोणत्याही मानांकनाहून मोठी वाटते. (मानांकनही आहेच: 2021 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने ‘ए प्लस प्लस’ श्रेणी दिली.) बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचे ग्रंथालय आणि वि. स. खांडेकरांचे स्मृती संग्रहालय यांना सवडीने वेळ द्यावा, घाईत पाहण्याच्या त्या जागा नव्हेत.

पुढची वाट सोपी नाही. 2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूर, सांगली व सातारा एवढेच कार्यक्षेत्र उरले. आता मोठी महाविद्यालये स्वायत्त होत असल्यामुळे परीक्षा घेणे आणि गुणपत्रिका देणे, हे संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाचे जुने काम हळूहळू आटत जाणार. म्हणूनच पदार्थविज्ञानातील पातळ थरांवरील संशोधन आणि नॅनो विज्ञानाचा स्वतंत्र विभाग यांवर इथे दिलेला भर मला योग्य वाटतो. प्रश्न पैशाचा आहे. संशोधनाची उपकरणे महाग असतात, आणि त्यांचा भार शुल्कावर पडला तर पहिला फटका वसतिगृहातल्या त्याच मुलांना बसेल. नव्या प्रयोगशाळांचा आराखडा करताना ‘कमवा आणि शिका’च्या जागाही वाढवल्या जातात की नाही, यावरूनच मी या विद्यापीठाची प्रगती मोजेन.