नामिबियातली पहिली शिकार : गोळी कशी निवडली आणि नागपुरातून निघताना काय पाहावं

भारतात वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, या दोहोंनी ते दार बंद केलं. पेंच-ताडोबा हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात राहतो, त्यामुळे ते दार बंदच राहावं असं मला मनापासून वाटतं. नामिबियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९७५ च्या अध्यादेशाने जमीनमालकाला आपल्या रानातल्या ठरावीक प्राण्यांचे हक्क दिले आणि १९९६ पासून गावांच्या सामूहिक राखीव क्षेत्रांनाही ते मिळू लागले. १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर या हंगामात, परवाना काढून, नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबरच तिथे शिकारीला जाता येतं. कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये उतरलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले.

आतेभाऊ आणि मी जुलैत तिकडे जाऊन आलो. परतल्यापासून धरमपेठेतल्या घरी जो येतो तो प्राण्यांबद्दल नंतर विचारतो, आधी विचारतो, "रायफल कोणती होती?" खरं तर विचारायला हवं गोळीबद्दल. रायफल चांगली असो की साधी, जनावरापर्यंत पोचते ती गोळीच. ती आत जाऊन काय करते, यावर ते जनावर दहा पावलांत पडेल की जखमी होऊन रात्रभर झुडपात तडफडेल हे ठरतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे.

निघण्यापूर्वी आमचे काका, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, ओसरीवर कागद घेऊन बसले आणि त्यांनी काडतुसाचं चित्र काढलं. पितळी पुंगळी, बुडाशी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. "पाय, गोळी म्हनजे हा पुढचा तुकडा," ते म्हणाले. "बाकी सारं त्याले ढकलासाठी. दुकानात लोकं ढकलनाऱ्याचीच चौकशी करतात." फार नेमकं बोलले ते. .३००, .३०-०६, .३०८ ही नावं पुंगळीची झाली. या तिन्हींतून एकाच जाडीची गोळी सुटते, फरक फक्त वेगाचा.

आता कायद्याचा आकडा. नामिबियात प्राण्याच्या आकारानुसार नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा ठरवून दिलेली आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला १३५० ज्यूल, ओरिक्स, कुडू, इलँड या मोठ्या हरणांना २७०० ज्यूल, आणि रानरेडा, हत्ती यांना ५४००. विदर्भाच्या माणसाला अंदाज यावा म्हणून सांगतो : स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाएवढा किंवा त्याहून थोडा लहान, आणि कुडूचा मोठा नर वजनाने आपल्या रोह्याच्या (नीलगायीच्या) नराजवळ जातो, दोनशे किलो आणि वर. १०० ग्रेनची गोळी सोडणारी .२४३ ची रायफल साधारण २६४० ज्यूलवर थांबते, म्हणजे कुडू-ओरिक्ससाठी ती नियमातच बसत नाही. .३०८ मधून १६५ ग्रेनची गोळी साधारण ३६०० ज्यूल देते. .३०-०६ मधून १८० ग्रेनची ३९०० च्या पुढे जाते. दोन्ही पुरेशा आहेत. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप आहे, १६५ ग्रेन म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास.

मग लोक .३०० विन्चेस्टर मॅग्नमकडे का धावतात? कारण आकडा मोठा दिसतो. पण तिचा धक्काही तेवढाच मोठा. ज्याने आयुष्यात हवेच्या रायफलीपलीकडे फारसं काही चालवलेलं नाही, तो तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो आणि खांदा आखडतो. एकदा ही सवय लागली की जंगलात सुटत नाही. पहिल्या हंगामाला .३०८ किंवा .३०-०६ घ्यावी, यावर मी ठाम आहे. .३०८ चा जन्म १९५२ चा, .३०-०६ चा १९०६ चा. दोन्हींची काडतुसं राजधानी विंडहूकच्या दुकानात सहज मिळतात. सामान हरवलं किंवा पेटी कमी पडली तर याचं महत्त्व कळतं.

आता खरा मुद्दा, गोळीची बांधणी. लष्करी गोळीला पूर्ण तांब्याचं कवच असतं. ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. १८९९ च्या हेगच्या घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली, आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेली गोळी होती. शिकारीत नियम नेमका उलटा. इथे न फुलणारी गोळी ही क्रूरता आहे, कारण ती बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर मैलभर पळतं. गोळीने आत गेल्यावर छत्रीसारखं उघडावं आणि तरीही खोल जावं, अशी अपेक्षा असते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, म्हणूनच बाजारात इतके प्रकार आहेत.

सगळ्यात साधी ती मऊ टोकाची : शिशाचा गाभा, वर पातळ तांबं. स्वस्त असते, स्प्रिंगबॉकला उत्तम, पण जवळून वेगात जाड हाडावर बसली तर तुटून विखरू शकते. दुसरी बाँडेड, हिच्यात गाभा आणि कवच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ती फुलते पण वजन टिकवून धरते. तिसरी मधे तांब्याची आडभिंत असलेली. जॉन नॉस्लर यांनी ती १९४८ मध्ये बाजारात आणली, तीही मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या एका शिकारीत गोळी नीट आत न गेल्याच्या अनुभवातून. पुढचा भाग फुलतो, भिंतीमागचा आत घुसत राहतो. चौथी अख्खी तांब्याची. ती फुटतच नाही, पाकळ्या उघडते आणि बहुतेकदा पलीकडून बाहेर पडते. मांसात शिसं उतरत नाही हा तिचा मोठा गुण, आणि मांस गावात वाटलं जाणार असेल तर याचा विचार व्हायलाच हवा.

ओरिक्सचा खांदा जाड असतो, म्हणून आम्ही .३०८ मधली १६५ ग्रेनची बाँडेड गोळी निवडली आणि सगळ्या प्राण्यांना तीच वापरली. लहानाला एक, मोठ्याला दुसरी असा घोळ पहिल्या खेपेला घालू नये. गोळी बदलली की नेम बदलतो. वजन तेच असलं तरी कंपनी बदलल्यावर शंभर मीटरवर चार बोटांचा फरक पडू शकतो. एकाच लॉटच्या दोन पेट्या घ्या. वीस-वीसच्या दोन पेट्यांत सराव, नेम आणि शिकार सगळं आरामात होतं.

रायफल आम्ही तिथलीच भाड्याने घेतली. स्वतःचं परवान्याचं हत्यार इथून नेणं-आणणं म्हणजे दोन देशांचे आणि मधल्या विमानतळांचे कागद. पहिल्या खेपेला ते टाळलेलं बरं. मात्र महिनाभर आधी मार्गदर्शकाला लिहून विचारा : रायफल कोणती, दुर्बीण कोणती, तिला कोणती गोळी मानवते. तो सांगेल तीच गोळी त्याला आणून ठेवायला सांगा. हातात घेताना पुंगळीच्या बुडावरचा ठसा आणि नळीवरचं कोरीव नाव ताडून पाहा. .३०-०६ चं काडतूस .३०८ पेक्षा लांब असतं, पण एकेकटं हातात घेतलं तर नवख्याला ओळखू येत नाही, आणि चुकीचं काडतूस भरणं जिवावर बेतू शकतं.

सरावाचं मोठं काम नागपुरातच झालं. तिकडे कोणी जमिनीवर झोपून किंवा टेबलावर टेकून गोळी मारत नाही. गवत उंच असतं, म्हणून तीन काठ्यांच्या तिकाट्यावर रायफल ठेवून उभ्याने मारतात. आम्ही बांबूच्या तीन काठ्या सायकलच्या ट्यूबने बांधल्या आणि दहा मीटरच्या रेंजवर हवेच्या रायफलीने तिकाट्यावरूनच सराव केला. श्वास अर्धा सोडणं, चाप दाबत नेणं, गोळी सुटल्यावरही नजर तशीच ठेवणं, हे सगळं छोट्या छर्‍यावर शिकता येतं. तेवढं करूनच निघा.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे विंडहूक असा रस्ता धरणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि त्या लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. विंडहूकचं विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे, न्यायला गाडी आधीच ठरवा. आणि स्वेटर! जुलैत तिकडे हिवाळा, पहाटे पाणी गोठतं. उघड्या गाडीत बसून हात बधिर झाले तर चाप जाणवत नाही, म्हणून पातळ हातमोजे सोबत हवेतच.

पहिली सकाळ लक्ष्यावर गेली. मार्गदर्शकाने शंभर मीटरवर गोळ्या पाच सेंटिमीटर वर बसतील असा नेम लावला. असं केलं की दोनशे मीटरच्या आसपास गोळी बरोबर जागेवर लागते, आणि तीनशेला साधारण पाव मीटर खाली. "तीनशे विसरा," तो म्हणाला, "दीडशेच्या आत नेईन." त्याने शब्द पाळला. मग त्याने प्राण्यांची चित्रं काढली. आफ्रिकी हरणांचं काळीज आणि फुप्फुसं आपण समजतो त्यापेक्षा पुढे आणि खाली असतात. खांद्याच्या मागे मारली तर गोळी पोटात जाण्याचा धोका. पुढच्या पायाची रेघ वर न्या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबा, ही खूण त्याने दोघांकडून घोकून घेतली.

ओरिक्स दादाच्या, म्हणजे आतेभावाच्या, वाट्याला आला. माग काढणारा पुढे, वाऱ्याची दिशा पाहायला हातात राखेची पुरचुंडी. काटेरी झुडपांतून बराच वेळ चालल्यावर कळप दिसला, आणि आडवा उभा राहिलेला नर मोकळा होईपर्यंत तिकाट्यावर रायफल ठेवून दादा निश्चल उभा होता. गोळी खांद्यावर बसली. जनावर उधळलं आणि पन्नासेक पावलांवर पडलं. सोलताना गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, टोक कळीसारखं उमललेलं, वजन जवळजवळ शाबूत. मांस शेतावरच्या कामगारांच्या घरी गेलं आणि त्यांनी ते वाटून घेताना मला समाधान वाटलं, हे लपवून काय करू?

कुडू मात्र मी मारला नाही. नर उत्तम होता, अंतर शंभरच्या आत, पण त्याच्या मागे किंचित उजवीकडे एक मादी चरत होती. गोळी खोल जाणारी असली की हा प्रश्न येतोच, पलीकडे निघाली तर दुसऱ्याला लागेल. मी बोट चापावरून काढलं, मार्गदर्शकाने खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही वाट पाहिली. मादी हलली नाही, नर गेला. गोळी निवडताना ती जनावराच्या पलीकडे काय करील हेही विचारा आणि मागे रिकामी जमीन नसेल तर मारू नका. तिथला आणखी एक रिवाज आधीच समजून घ्या : रक्ताचा थेंब दिसला की जनावर सापडो न सापडो, त्याचे पैसे द्यावे लागतात. मला हा रिवाज योग्य वाटतो.

शिंगं-कातडी भारतात आणायचा विचार करू नका. परवान्याशिवाय वन्यप्राण्याचा कोणताही भाग आणता येत नाही, आणि फोटो पुरेसे असतात. त्याहून महत्त्वाचं, निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक खिसा, बूट, कॅमेऱ्याची पिशवी आणि जाकिटाचं अस्तर उलटं करून झटका. एखादं जिवंत काडतूस किंवा आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळीही भारतीय विमानतळावर सापडली, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्या रात्री दादाच्या जाकिटाच्या खिशातून एक पुंगळी निघाली, ती आम्ही मार्गदर्शकाच्या हातात दिली. शिकारीला वापरलेली पाठीवरची पिशवी तर तिथेच देऊन टाका, सोनेगावला उतरताना नवी बरी.