चादर उलटून बघावी तसं

सोलापुरात चादर घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक वरच्या नक्षीला भुलत नाही. घडी मोडतं, चादर उलटी करतं, मागची वीण बोटांनी चाचपतं आणि मग भाव विचारतं. कॉम्प्युटरवर फाइल लिहिणं, हलवणं, पुसणं यांबद्दलची मॅन्युअलं अशीच वाचावी लागतात, खालून वर. वरची ओळ म्हणजे दुकानदाराने समोर धरलेली बाजू.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत घडू शकेल असं एक उदाहरण घ्या. इलेक्ट्रॉनिक जेकार्डसाठी (मागावर नक्षी विणवणारं यंत्र) मोराचं डिझाइन ऑफिसातल्या लिनक्स मशीनवरून पेन ड्राइव्हवर टाकलं. हिरवी पट्टी शेवटाला टेकली. "झालं की ओ, काढा!" म्हणून पेन ड्राइव्ह उपसला. मागापाशी बघावं तर फाइलचं नाव आहे, आकार मात्र शून्य. शिव्या पेन ड्राइव्हला बसतात, पण तो बिचारा निर्दोष असतो. कॉपी पोचली होती ती मेमरीत. तिथून खाली उतरवायचं काम लिनक्स सवडीने करतं. साधारण ३० सेकंद जुना झालेला मजकूर आता उतरवायला हवा, असं त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आहे, आणि ड्राइव्ह मंद असला तर त्यावर आणखी वेळ. टर्मिनलवर 'सिंक' लिहून एंटर मारायचं आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावायचा नाही, किंवा रीतसर इजेक्ट करायचं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल', म्हणजे मजकूर मेमरीत न साठवता उतरवणं, आपोआप लागू असतं, त्यामुळे तिथे ही फजिती कमी होते.

हे लिनक्सच्या मॅन्युअलात नाही का? आहे की. तिथे प्रोग्रामने सिस्टिमला सांगायच्या प्रत्येक क्रियेचं एक पान असतं. 'क्लोज'च्या पानावर वर लिहिलंय की फाइल बंद होते. खाली, नोट्सच्या भागात, लिहिलंय की क्लोज यशस्वी झाला म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असं समजू नये. दोन्ही वाक्यं खरी. पण पहिलं वाचून माणूस पान मिटतो, त्याला कोण काय करणार!

फाइलचं नाव बदलणाऱ्या 'रीनेम'चं पान त्याहून मिश्कील आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती एका झटक्यात बदलली जाईल, मधे ती गायब झालेली कुणाला दिसणार नाही, अशी हमी ते देतं. वाचणाऱ्याला वाटतं, लाइट गेली तरी काळजी नाही. पण ती हमी आहे चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामांपुरती. लाइट गेल्यावर काय, यावर पान गप्प. वर आणखी एक वाक्य: काही काळ जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं बहुधा त्याच फाइलकडे बोट दाखवतील. बहुधा! मॅन्युअलात!

खरी अडचण अशी की एका पानावर एकच क्रिया असते, आणि आपलं काम चार-पाच क्रियांचं. शेंगाचटणीच्या कृतीत शेंगदाणे एका पानावर, तिखट-लसूण दुसऱ्यावर आणि उखळात कुटायचं कुठेच नाही, असा प्रकार. महत्त्वाची फाइल सुरक्षित बदलायची तर आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल करायची. त्याच फोल्डरमध्ये अशासाठी, की रीनेम एका फाइलसिस्टिममधून (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) दुसरीत जात नाही, 'क्रॉस-डिव्हाइस लिंक' म्हणून अडतं. (फाइल हलवणारी 'एमव्ही' कमांड तिथे गुपचूप कॉपी करून मूळ पुसते, म्हणजे तो एक झटका गेलाच.) मग लिहायचं, आणि लिहिलं किती ते मोजायचं. 'राइट' सांगितल्यापेक्षा कमी बाइट घेऊ शकतं, आणि लिनक्सवर एका वेळी २,१४,७४,७९,५५२ च्या वर घेतच नाही. उरलेलं पुन्हा द्यायचं. त्यानंतर 'एफसिंक', म्हणजे ती फाइल मेमरीतून डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं, मग रीनेम, आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक. हा शेवटचा टाका एफसिंकच्या पानावर आहे. रीनेमचं पान त्याचं नावही काढत नाही.

हे टाके गाळले की काय होतं ते २००९ मध्ये दिसलं. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम नवीन होती आणि डिस्कवर जागा देणं पुढे ढकलत होती. मशीन अचानक बंद पडलं की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या. नियमाने बघितलं तर चूक प्रोग्राम लिहिणाऱ्यांची, एफसिंक त्यांनी गाळलेला. तरी शेवटी कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, जुळवून घेतलं, आणि बरंच केलं.

२०१८ चा प्रकार जास्त वाईट. पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसला आणि पुन्हा बोलावला, तर दुसऱ्यांदा तो 'ठीक आहे' म्हणू शकतो, मजकूर डिस्कवर गेलेला नसतानाही. पहिल्या चुकीनंतर कर्नलने मेमरीतला तो मजकूर उतरवून झाला असं समजून टाकलेलं असायचं. पुन्हा प्रयत्न करावा की नाही, एवढी एक ओळ मॅन्युअलात असती तर पुष्कळांची झोप वाचली असती. आता पोस्टग्रेस पहिल्याच चुकीला थांबतो आणि प्रत्येक बदल आधी टिपून ठेवलेल्या नोंदवहीवरून स्वतःला पुन्हा उभा करतो.

काही ठिकाणी पान आकडा देतं आणि एकक आपण चुकीचं धरतो. फाइलच्या नावाची मर्यादा २५५. पण कशाची? ईएक्सटी४ वर बाइटची, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'अक्कलकोट' लिहा. डोळ्याला अक्षरं पाच, पण हलंत आणि ओकार धरून चिन्हं ८, बाइट २४. म्हणजे सगळी मिळून चिन्हं जेमतेम ८५. विंडोजची फाइलसिस्टिम एनटीएफएस तेच २५५ वेगळ्या मापाने मोजते, तिथे देवनागरी चिन्हाला एकच घर लागतं. त्यामुळे 'मौजे अमुक, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर' अशा मायन्यापासून सुरू होऊन २५५ बाइटच्या पुढे गेलेलं नाव विंडोजवर बिनबोभाट चालतं आणि लिनक्सच्या डिस्कवर टाकायला गेलं की 'फाइल नेम टू लाँग' म्हणून परत येतं.